चुन्याच्या भिंतीवरचे हात

१

सौदामिनीने कुलूप काढून दार ढकललं आणि ती उंबऱ्यावरच थांबली.

समोरच्या पांढऱ्या भिंतीवर माणसाच्या पंजांचे ठसे होते. लाल, वाळलेल्या रक्तासारखे. एकूण सात. सहा उंचावर, एका ओळीत, बोटं फाकलेली. सातवा एकटाच, बराच खाली, मधल्या दाराच्या चौकटीशेजारी.

"आई गं," मागून धनाजी म्हणाला. धनाजी किकवीचा रंगारी. आदल्या दुपारी त्यानेच या भिंतीला चुन्याचा शेवटचा थर दिला होता आणि तेव्हा ती कोरी होती.

घर वेल्ह्याच्या बाजारापासून थोडं आत, तोरण्याच्या अंगाला. दगडमातीच्या भिंती, वर कौलं. जुना मालक गेनबा याने रस्त्याकडेला स्लॅबचं घर बांधलं आणि हे विकायला काढलं, तेव्हा हे मोडकं घर घेणारी एकच व्यक्ती पुढे आली, ती सौदामिनी. भोरच्या विमा कचेरीतली नोकरी सोडून ती हेच करत होती. कुणी हात लावणार नाही अशी घरं घ्यायची, छप्पर, मोऱ्या, भिंती नीट करायच्या, रंगवायचं आणि विकायचं. पहिलं घर उत्रोलीत, मग भोरात दोन. या चौथ्यात तिने होतं नव्हतं ते सगळं घातलं होतं. आज पुण्याचं जोडपं ताबा घ्यायला येणार होतं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. अंगणात गर्दी जमली. गेनबा पुढे आला, भिंतीकडे बघून दोन पावलं मागे सरला.

"करणी हाय ही. आमी तवाच म्हनलं हुतं, बाईमानसानं घरं मोडायच्या-बांधायच्या भानगडीत पडू न्हाई. तुमच्या हातचं घर लाभायचं न्हाई कुनाला."

"तुमच्या हातचं तर उभं राहत नव्हतं, गेनबादादा," सौदामिनी म्हणाली.

गर्दीतून हसू फुटलं आणि लगेच विरलं. भोरचा दलाल स्वानंद मोटरसायकल लावून आत आला. सौदामिनी आपली घरं आपणच विकते, हे त्याचं जुनं दुखणं. त्याने भिंत बघितली, मोबाईलवर फोटो काढला आणि सहानुभूतीचा आवाज लावला.

"ताई, असं घर आता कोण घेणार? मीच बघतो काहीतरी. अर्थात पडत्या भावात."

तेवढ्यात पुण्याची गाडी दारात आली. घर घेणारा अद्वय आत आला, त्याने भिंतीवरचे हात पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या. "आम्ही असलं काही मानत नाही हो. पण शुभ्रा घाबरलीय. किमतीचा पुन्हा विचार करावा लागेल."

"मी कुठे काय म्हटलं?" त्याची बायको म्हणाली.

सौदामिनीला पुढचं सगळं दिसलं. ही गाडी अशीच परत गेली तर उद्या भोरपासून वेल्ह्यापर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर हा फोटो पोचेल. या बाईची घरं लाभत नाहीत, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. मग हे घर विकलं जाणार नव्हतं, आणि यापुढचं एकही नाही.

"दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. "हे कुणी केलं ते तुमच्यासमोर सांगते. मग घ्या, नाहीतर जा."

"आन् मानूस गावलाच न्हाई तर?" गेनबाने विचारलं.

"तर घर मी ठेवीन. बोचकं घेऊन इथेच राहायला येईन, दादा. रोज सकाळी माझं तोंड बघावं लागेल तुम्हाला."

२

किल्ली दोघींकडे होती. एक सौदामिनीच्या पर्समध्ये, दुसरी शेजारच्या साळूबाईंकडे.

साळूबाई एकट्या राहत. नवरा जाऊन इतकी वर्षं झाली होती की गावात निम्म्या लोकांनी त्याला पाहिलेलंही नव्हतं. काम सुरू झाल्यापासून पाणी त्यांच्या घरून येत होतं, आणि चहा कुणी न मागता. आज मात्र त्या स्वतःच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"मावशी, काल धनाजी गेल्यावर कुणी आलं होतं का?"

"न्हाई."

"कुणाला किल्ली दिलीत?"

"म्या कशापायी देऊ? किल्ली हितंच हुती. कमरंला."

"आणि तुम्ही गेला होतात आत?"

साळूबाईंनी उजवा हात पदराखाली सारला. त्या एकदम म्हणाल्या, "तू जा बाई. माझ्या दाराशी उभी राहू नगंस. तुलाच बाधंल."

सौदामिनी परत आली ती थेट मधल्या दाराशी. खालच्या एकट्या हातासमोर ती उकिडवी बसली. पंजा लहान होता. आणि करंगळी एका पेराने आखूड.

भाताच्या कापणीत विळ्याने करंगळीचं पेर गेलेला हात तिने रोज पाहिला होता. त्याच हातातून ती रोज चहा घेत होती.

३

तिने ते कुणालाही सांगितलं नाही. आधी तिला हात कशाचे आहेत ते कळायला हवं होतं.

खालच्या हाताच्या कडेवर तिने ओलं बोट घासलं. बोटाला तांबूस रंग आला. वास घेतला. हा वास रक्ताचा नव्हता, रंगाचाही नव्हता. तो स्वयंपाकघरातला होता. मग तिला पांढऱ्या साडीवर सांडलेली आमटी आठवली. डाग पिवळा असतो, साबण लागला की लालभडक होतो, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं?

"धनाजी, बाजारातून लिंबं आण. पिवळी, रसाची."

लिंबं आली तशी अंगणातली माणसं दारात आली. सौदामिनीने सुरी घेतली, तेव्हा गेनबा ओरडलाच.

"ओ बाई! हितं लिंबू कापू नगा! कशावर कापताय ठावं हाय का?"

"भिंतीवर," ती म्हणाली आणि लिंबाचे दोन तुकडे केले.

बायकांनी तोंडाला पदर लावले. कुणीतरी पोरांना मागे ओढलं. सौदामिनीने अर्धं लिंबू खालच्या हातावर दाबून फिरवलं. रस ओघळला, आणि जिथे जिथे ओघळला तिथे लाल रंग पिवळा झाला. आधी अंगठा, मग तळवा, मग ती आखूड करंगळी. बघता बघता भिंतीवर हळदीचा हात उभा राहिला.

"हळद आहे ही," तिने मागे वळून सांगितलं. "मातीच्या भिंतीला प्लास्टिक पेंट दिला तर ओल अडून फुगा येतो, म्हणून मी चुना देते. ओल्या चुन्यावर हळद पडली की लाल होते. आपलं कुंकू असंच करायचे. लिंबाने पुन्हा पिवळी होते. यात करणी कुठे आहे ती दाखवा मला."

गर्दी सैल झाली. एक म्हातारा तर हसायलाच लागला. "गेनबा, तुझं भूत आमटीतलं निघालं की रं!"

सौदामिनीने दुसरं अर्धं लिंबू उचललं आणि वरच्या ओळीतल्या पहिल्या हातावर चोळलं. रस खाली आला. हात लालच राहिला. तिने दुसऱ्यावर चोळलं, तिसऱ्यावर चोळलं. काही फरक नाही.

हसणं थांबलं.

हे सहा हात हळदीचे नव्हते. म्हणजे या घरात काल एक नाही, दोन माणसं येऊन गेली होती.

४

धनाजीने वरच्या हाताला नख लावून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "रेड ऑक्साईड, मॅडम. खिडक्यांच्या गजांना मारलेलं. डबा मागच्या पडवीत हाय, रंग पुसायच्या थिनरशेजारी, कालपास्नं उघडाच. माझ्यावर येनार आता हे."

"तू चुन्याच्या भिंतीवर ऑक्साईड लावशील?"

"जल्मात न्हाई. वरनं कितीबी चुना फासा, झाकत न्हाई ते. खरवडावं लागतं. आन् खरवडनार कोन? म्याच की!"

ते पटण्यासारखं होतं. पण तिला त्याहून वेगळीच गोष्ट खटकत होती. ती खाली वाकली. भिंतीच्या कडेने नवी शहाबादी फरशी बसवली होती. सहा ओले, थबथबलेले हात या फरशीच्या वरच भिंतीवर मारले होते, आणि फरशीवर एक थेंब नव्हता. पडवीपासून भिंतीपर्यंतही नव्हता. ज्याने हे केलं त्याने खाली काहीतरी अंथरलं होतं आणि जाताना ते उचलून नेलं होतं.

घराचा सत्यानाश करायला आलेला माणूस फरशी जपत नाही. तो डबाच ओततो. फरशी जपतो तो ज्याला हे घर हवं आहे. चांगलं हवं आहे, आणि स्वस्तात हवं आहे.

असे दोघेच होते.

स्वानंद ओट्यावर मोबाईल चाळत बसला होता. "काल संध्याकाळी कुठे होतात?" तिने विचारलं.

"इथंच. वेल्ह्यात. एका पार्टीला प्लॉट दाखवत होतो. ताई, मला हे घर हवंय हे मी सगळ्यांसमोर बोललो. लपूनछपून करायला मी काय नवखा आहे?"

"नवखे नाही, म्हणूनच विचारते."

"विचारा, विचारा. पण एक सांगू? मी केलं असतं तर सहा हात नसते केले. एकच केला असता. एक बघून लोक जास्त घाबरतात." त्याला स्वतःच्या बोलण्याची गंमत वाटली.

अद्वय आणि शुभ्रा गाडीशी उभे होते. दोघं काल संध्याकाळीच येऊन बाजारातल्या लॉजवर उतरली होती.

"तुम्ही काल घराकडे आला होतात?"

"हा एकटा आला होता," शुभ्रा म्हणाली. "मी झोपले होते."

"नुसती चक्कर मारली," अद्वय सहज म्हणाला. "दाराला कुलूप होतं. बाहेरूनच बघून परत गेलो. तुम्हाला मी संशयित वाटतो की काय?" तो हसला. "कमाल आहे. अहो, मी गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आहात म्हणूनच जेवून जा," सौदामिनी म्हणाली. "साळूमावशींकडे पिठलं-भाकरी सांगितलीय. सगळ्यांनाच."

५

पंगत अंगणात बसली. साळूबाईंनी रांधलं, पण वाढायला त्या आल्या नाहीत. धनाजीने वाढलं. पिठलं पिवळंजर्द होतं. अद्वय भाकरी कुस्करून, बोटं चाटून जेवला. "हाताने खायची मजाच वेगळी," असंही म्हणाला. हात धुवायला रांजण होता, त्यात पाणी होतं. साबण नव्हता.

सगळ्यांचं आटोपल्यावर सौदामिनी उभी राहिली.

"वरचे सहा हात ज्याने उठवले तो माणूस इथे जेवलाय. हात कितीही धुतला तरी नखांत, रेषांत रंग राहतो. धनाजीने बादलीत चुना कालवलाय. चुना खाली बसून स्वच्छ निवळी वर आली की प्रत्येकाने उजवा हात तिच्यात बुडवायचा. रंग दिसेल."

"कोर्टकचेरी हाय का ही?" गेनबा कुरकुरला.

"नको असेल त्यांनी घरी जावं. जो जाईल त्याचं नाव मला आपोआप कळेल."

मग कोण जाणार? चुना खाली बसेपर्यंत माणसं इकडेतिकडे पांगली. कुणी तंबाखू मळत बसलं, कुणी मागच्या पडवीकडे जाऊन आलं. सौदामिनी बादलीपाशी बसून राहिली. कोण कुठे जातं ते तिने मुद्दामच बघितलं नाही.

निवळी आली. पहिला गेनबा. त्याने शर्टाची बाही वर केली, हात बुडवला, बाहेर काढला आणि किंचाळला. बोटांची टोकं तांबडी झाली होती.

"म्या न्हाई! आईशपथ म्या न्हाई! ओ बाई, म्या हात न्हाई लावला!"

"घाबरू नका. पुढे या कुणीतरी."

धनाजीची बोटं लाल झाली. स्वानंदची लाल झाली. "च्यायला," तो म्हणाला आणि बोटं उन्हात धरून बघू लागला. शुभ्राची नखं लाल झाली. एकामागून एक हात बादलीत जात होते आणि लाल होऊन येत होते. शेवटी मघाच्याच म्हाताऱ्याला उलगडलं आणि तो गडगडाटी हसला.

"आरं, पिठलं हाय ते! हळद! समद्यांनीच खाल्लंय की!"

हशा पिकला. गेनबाही ओशाळं हसला. एकटा अद्वय हसत नव्हता. आता त्याची पाळी होती.

त्याने हात बुडवला. बाहेर काढला. पांढरा, स्वच्छ हात. एका नखातसुद्धा लाली नव्हती.

६

"बघा," अद्वय म्हणाला. "माझ्या हाताला काही नाही."

"तेच तर," सौदामिनी म्हणाली. "तुम्ही बोटं चाटून पिठलं खाल्लंत. पाण्याने हळद जात नाही. इथे सगळ्यांच्या हातावर जेवण आहे, तुमच्याच हातावर नाही. मी रंग दिसेल म्हटलं, कुठला ते म्हटलं नव्हतं. ज्याला ऑक्साईडची भीती होती तोच मधल्या वेळात पडवीतल्या थिनरने हात घासून आला. त्यात हळदही गेली."

"सॅनिटायझर लावलं मी. सवय आहे मला. ह्याला पुरावा म्हणत नाहीत, मॅडम."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, एवढ्यावर कुणी कुणाला धरू शकत नाही. अद्वयने गाडीची किल्ली खिशातून काढली. "दाराला कुलूप होतं, मी सांगितलंय. कुलूप होतं तर मी आत जाईन कसा? किल्ली कुणाकडे होती ते विचारा."

सगळ्या माना साळूबाईंच्या ओसरीकडे वळल्या.

खालचा हात कुणाचा ते सौदामिनीने सांगितलं असतं, तर काल दाराला कुलूप होतं का तेही बाहेर आलं असतं. पण ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

साळूबाई ओसरीवरून उतरल्या. सावकाश चालत अंगणात आल्या, कुणाकडे न बघता बादलीत हात घातला. सगळा पंजा लालबुंद होऊन वर आला.

"खालचा हात माझा हाय," त्या म्हणाल्या.

"साळे, तू?" गेनबा म्हणाला. "हळदीचा हात? तू?"

"व्हय, म्या. रांडमुंड बाई. सवाष्णीचा मान असतोय त्यो, ठावं हाय मला. उभ्या जल्मात कुनी बोलावलं न्हाई. घर लई गोजिरं झालं हुतं. म्हनलं, कुनी बघत न्हाई तवर लावावा. लावला, आन् डोळ्यांदेखत लाल झाला. मला वाटलं, भिताडानं माझा हात वळखला." त्यांचा श्वास लागला होता, पण आवाज खाली आला नाही. "अशी पळाले, कुलूप हातातच राहिलं. रातभर उशाशी हुतं. दिस उगवला तवा येऊन लावलं. आत बघायचा धीर न्हाई झाला. काल सांच्याला ह्या दाराला कुलूप न्हवतंच. ह्यानं कुठलं बघितलं, इचारा."

अद्वयने गाडीची किल्ली पुन्हा खिशात टाकली.

"दार उघडं होतं," सौदामिनी शांतपणे म्हणाली. "तुम्ही आत आलात. एक लाल हात दिसला. तो बघून तुम्ही स्वतः दचकलात की नाही माहीत नाही, पण गाव दचकेल हे तुम्हाला कळलं. पडवीत डबा होताच. फरशी आपलीच होणार म्हणून तेवढी जपलीत."

"अद्वय," शुभ्रा म्हणाली, "काल परत आलास तेव्हा हाताला वास होता. पेट्रोल भरताना सांडलं म्हणालास." ती वळून गाडीत जाऊन बसली. मागच्या सीटवर.

अद्वय मग व्यवहाराच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. ठरलेल्या किमतीत घेतो. विषय संपवू."

"घर विकायला आहे," सौदामिनी म्हणाली. "तुम्हाला नाही."

"हे बघा, दुसरं गिऱ्हाईक मिळायला—"

"विसार परत मिळेल. गाडी वळवताना मागे मावशींचं तुळशीवृंदावन आहे, जपून."

गाडी गेली. मग स्वानंद पुढे आला आणि या वेळी त्याने सहानुभूतीचा आवाज लावला नाही.

"ताई, खरंच सांगतो, पार्टी आहे माझ्याकडे. पूर्ण भावात. फक्त त्या सहा हातांबरोबर तो सातवाही खरवडून टाका. उगाच विचारतील."

"मंग काय तर," गेनबा म्हणाला. "पुसून टाका. बरं दिसत न्हाई ते."

"सहा खरवडायचे, धनाजी," सौदामिनी म्हणाली. "सातव्याला ब्रश लावायचा नाही. आणि स्वानंदराव, पार्टीने विचारलं तर सांगा, साळूबाईंचा हात आहे. नाव सांगा, शेजारचं घर दाखवा. हातासकट घर हवं असेल त्यांनी यावं."

"आणि नाही आले तर?"

"तर दुसरे येतील. घरात खोट नाही माझ्या."

स्वानंदने गेनबाकडे पाहिलं. गेनबाने नजर चुकवली. थोड्या वेळाने स्वानंद मोबाईल घेऊन आत गेला आणि त्याने नव्याने फोटो काढला. या वेळी खिडकीचा उजेड कुठून येतो ते बघून.

साळूबाई दारातून आत आल्या. सकाळपासून पहिल्यांदा. मधल्या चौकटीपाशी उभ्या राहून त्या आपल्याच हाताकडे बघत राहिल्या. लिंबाचा रस वाळला होता. पिवळा रंग एका कडेला पुन्हा तांबूस व्हायला लागला होता.

"बाई, उद्याच्याला ह्यो परत लाल हुईल का गं?"

"चुना ओला आहे तोवर होईल बहुतेक."

दारात गेनबा होता, त्याच्यामागे निम्मं गाव. साळूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

"हुं दे की," त्या म्हणाल्या.